बंदूक जमा, खोळ परत

शस्त्र परवान्याच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. जुन्या फाइली रेकॉर्ड रूममध्ये जातात, किस्से मात्र माझ्यासोबत घरी येतात. बायको म्हणते, "तुमचे किस्से ऐकून मलेच परवाना काढावा वाटते!"

*

एक पुढारी आले. अर्जात कारण लिहिलेलं: जिवाला धोका.

साहेबांनी विचारलं, "कोणापासून?"

पुढारी विचारात पडले. "सध्या तर कोणापासूनच नाही, साहेब. पण विरोधकाले दोन गार्ड, अन् मले साधा धोकाही नाही! लोक काय म्हणतीन?"

*

एक नवा वकील तावातावानं आला. "अमेरिकेत बंदूक हा हक्क हाये. इथं अर्ज काऊन करा लागते?"

म्हटलं, "इथं हक्क नाही बाप्पा, परवाना हाये. पटलं तर देतात, नाही तर नाही."

"नाही म्हटलं तर?"

"अपील करा."

"अपिलाचा तर हक्क हाये ना?"

"हाव."

"बस! तेवढा द्या!"

*

धामणगाव बढेकडचे गुलाबराव. तीन एकर मका, पीकसंरक्षणाची जुनी बंदूक. नूतनीकरणाला आले, तर एकही काडतूस वापरलेलं नाही!

"काऊन हो, रानडुकरं येत नाहीत?"

"येतात ना. खातात अन् जातात. बंदूक डुकरासाठी नाही साहेब, चुलतभावासाठी हाये."

माझा पेनच थांबला.

"मारासाठी नाही हो! माह्या खांद्यावर दिसली का आमच्या दोघांच्या वावरामधातला धुरा, बांध हो, जाग्यावर राह्यते. इलेक्शन लागलं, बंदूक ठाण्यात जमा केली, का धुरा हातभर माह्याच वावरात सरकते! दर इलेक्शनले मक्याचं एक तास, अख्खी ओळ, कमी होते."

 ऐकून मला वाईट वाटलं. पण अर्जात धुऱ्यासाठी रकाना नाही. मी 'पीकसंरक्षण'च राहू दिलं.

*

पुढची निवडणूक लागली. गुलाबरावांनी ठाण्यात बंदूक जमा केली, अन् खोळ परत मागितली.

हवालदार म्हणाला, "खोळ काऊन?"

"खोळीले परवाना लागते काय?"

तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ धापा टाकत ठाण्यात. "आचारसंहिता चालू हाये, अन् गुलाबराव बंदूक घेऊन वावरात फिरून राह्यला! गुन्हा दाखल करा!"

पोलिसांनी जाऊन खोळ उघडली. पंचनाम्यात नोंद झाली: तुराटी, एक नग.

मग हवालदारानं चुलतभावाचा जबाब घेतला. त्याची नक्कल माझ्या फाइलला लागली आहे.

"तुम्ही कुठून पाह्यलं?"

"धुऱ्यावरून."

"तिथं काय करत होते?"

"उभा होतो."

"हातात काय होतं?"

"कुदळ."