चार तंबोरे आणि कुणीच नाही

पुण्याच्या सांगीतिक इतिहासातली एक अत्यंत गंभीर घटना मी आज जड अंतःकरणाने जाहीर करतो: नारायण पेठेतल्या एका छोट्या सभागृहात माझी नवी रचना सादर झाली आणि ती सुरू झाल्याचं कुणालाच कळलं नाही.

कमीत कमी सुरांचं संगीत रचण्यात मी पंधरा वर्षं घालवली आहेत. ही रचना फक्त चार तंबोऱ्यांची होती. चाळीस मिनिटं तेच सूर, आणि वाजवणाऱ्या आम्हा चौघांची लय हळूहळू एकमेकांपासून सरकत जायची. गायन नाही, तबला नाही. निवेदकही नको, हा हट्ट माझाच. आताही कुणी ऐकलं नाही, तर हा नाद कायमचा सोडेन, असं मी बायकोला कबूल केलं होतं.

आम्ही तारा छेडल्या आणि लोक निवांत गप्पा मारू लागले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी थर्मास उघडला. यांना वाटत होतं, अजून तंबोरे जुळवणंच चाललंय! थांबून सांगावं, तर सगळंच मोडणार. रडकुंडीला येऊन, डोळे मिटून मी छेडत राहिलो.

पंचविसाव्या मिनिटाला चारही लयी ठरल्याप्रमाणे पुन्हा एकत्र आल्या. सभागृह एकदम शांत झालं. माझ्या अंगावर काटा आला. ऐकू आलं यांना!

तेवढ्यात ते आजोबा समाधानाने मोठ्यांदा म्हणाले, "जुळले एकदाचे! अहो, आता बोलवा की गायकाला!"