वाटपसाहेबांच्या घरचं नेट

आमच्या इमारतीत त्यांना सगळे वाटपसाहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं, "अहो, नेट गेलं!" गच्चीवर सगळ्यांत मिळून एकच कनेक्शन येतं, तिथून मजल्यामजल्यावर वायफाय. कुणाला किती सोडायचं ते हे ठरवतात. दिवसभर कचेऱ्यांमधली नेटवर्कं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी दुखरे गुडघे घेऊन गच्ची चढायची. पहिला घास तोंडात जायच्या आत यांचा फोन वाजलाच पाहिजे, असा जणू इमारतीचा ठरावच!

वाटणी सरळ होती, सगळ्या घरांना सारखं. पण तळमजल्यावरच्या काकूंनी, म्हणजे आमच्या चालत्याबोलत्या वर्तमानपत्राने, पुडी सोडली, "स्वतःच्या घरी जास्त सोडत असेल मेला!" झालं. साहेबांनी वैतागून स्वतःचं घर शेवटी टाकलं. सगळ्यांचं भागून उरेल ते यांना.

आणि नेमकी लेकीची मुलाखत आली, तीही व्हिडिओवर. शिकून दोन वर्षं घरी बसलेली पोर. सराव म्हणून मैत्रिणीशी बोलायला बसली, तर निम्मी वाक्यं हवेतच विरली.

"उद्यापुरतं आपलं घर वर घ्या," बायको म्हणाली.

"काकू काय म्हणतील?"

"काकू नोकरी देणार आहेत का तिला?"

साहेबांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "घर नाही, फोनवरचं, व्हिडिओवरचं बोलणं वर घेतो. सगळ्यांचंच. सिनेमा जरा अडकला तर अडकला, डाऊनलोड तर दुपारपर्यंत थांबेल. बोलणं थांबून चालत नाही."

"मग हे आधी का नाही केलं?"

"सगळ्यांना सारखं वाटून दिलं की भांडणं कमी होतील, असं वाटलं होतं गं."

दुसऱ्या दिवशी मुलाखत सुरू झाली आणि खाली काकूंच्या मालिकेतली नायिका तोंड उघडं टाकून थिजली. काकू तरातरा वर आल्या. साहेब दारातच उभे.

"माझ्याच मालिकेवर डोळा का रे तुझा?"

"हळू बोला, काकू. तुमच्या मुलाचा परदेशातून फोन येतो ना? तोही आता तुटणार नाही."

काकूंचंही तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आत पोरगी न अडखळता बोलत होती.

नोकरी लागली. लांबच्या गावी. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, अगदी शेजारी बसल्यासारखा स्वच्छ.

"बाबा, पुन्हा गच्ची चढलात ना? दम लागलाय तुम्हाला."

साहेब फोनवर तळहात धरतात, जिन्यातच टेकतात, श्वास खाली बसू देतात. मग म्हणतात, "छे गं, घरातच बसलोय."