बैलांना माझी भाषा कळेना

वडील गेले तेव्हा मागे आई, एक खटारा, दोन बैल आणि मी उरलो. त्यांत बिनकामाचा मीच. मला इंग्रजीची चार बुकं येत होती, ती बैलांना येत नव्हती.

वडील डोंबिवलीकडच्या मिठागरावरून कल्याणच्या मालधक्क्यावर भाड्याने मीठ नेत. घरचं भात घरच्या गाडीतून नेलं तर कोणी विचारत नसे. पण भाडं घेतलं की सरकारी पास हवा आणि गाडीवर नंबराचा पत्रा. पास वडिलांच्या नावाचा होता. तो माझ्या नावावर व्हायचा तर मी गोऱ्या साहेबासमोर गाडी हाकून दाखवायची. मिठाचा ठेकेदार सुतक फिटेपर्यंत थांबला होता, पुढे तो दुसऱ्याची गाडी लावणार होता. आईचं आणि माझं पोट त्या खटाऱ्यावरच होतं.

तेरावं उरकताच शेजारच्या काकांनी गाडी कल्याणच्या मैदानात आणून उभी केली आणि ते बाजूला झाले. डोकं भादरलेला मी पुढे चढून बसलो. साहेबाने चाकं पाहिली, बैलांच्या मानेवर जखम नाही ना ते पाहिलं आणि हात हलवला.

“चला,” मी बैलांना म्हणालो.

ते रवंथ करत राहिले. मी कासरा ओढला. “चला ना,” म्हणालो. डावीकडच्याने शेण टाकलं.

“आरं, तू काय कीर्तनाला बसलास काय?” काका लांबून ओरडले. “शिवी घाल! तुजा बा घालायचा ती!”

ती शिवी मला पाठ होती. लहानपणापासून रोज पहाटे अंगणातून ती ऐकूनच मी जागा होत असे. येथे लिहीत नाही. बैलाच्या आईशी तिचा संबंध होता, एवढं पुरे. जन्मात कधी तोंडावाटे न काढलेली ती शिवी मी पुटपुटलो. बैलांनी कान टवकारले.

“काय म्हणतो हा?” साहेबाने आपल्या कारकुनाला इंग्रजीत विचारलं.

“मंत्र आहे, साहेब. बाप वारलाय त्याचा.”

साहेबाने टोपी काढून छातीशी धरली. मग मी वडिलांचा हेल लावून तीच शिवी बेंबीच्या देठापासून घातली. बैल असे उधळले की साहेब टोपीसकट बाजूला झाला. मैदान संपत आलं, समोर मालधक्क्याची भिंत. थांबवायची शिवी कोणती, ते मला ठाऊक नव्हतं.

“काका, थांबवू कसं?”

“गप बस! तुजा बा गप झाला की बैल थांबत!”

मी गप्प बसलो. तेवढं मला येत होतं. बैल भिंतीपाशी थांबले आणि माना वळवून माझ्या मागे बघू लागले. खटाऱ्यात कोणीच नव्हतं. तेरा दिवस लोक मला, रड बाबा एकदाचा, म्हणत होते. ते तिथे जमलं.

कारकून धापा टाकत आला.

“पास झालास. आता डोळे पूस. साहेबांना तो मंत्र लिहून हवाय.”

मी उपरण्याला नाक पुसलं आणि कागद मागितला.