इत्थशालाचा खोटा अर्थ

मंगरूळपीरला मी लोकांची वर्षफळं मांडायचो. आसेगाव, शेलूबाजारहून माणसं यायची. पोथीत इत्थशाल, मुंथा, इक्कवाल असे शब्द पदोपदी. वडिलांनी पाठ करून घेतले तसे मी म्हणायचो. ते मूळचे कुठले, हे कधी मनात आलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या साली गणेशोत्सवात माझं व्याख्यान ठरलं. त्यासाठी हेडमास्तरांनी एक इंग्रजी ग्रंथ दिला. अरबांनी ग्रहविद्या ग्रीस, इराण आणि हिंदुस्थानातून घेतली, तिच्यात मोठी भर घातली, पुढे त्यांचे ग्रंथ स्पेनात लॅटिनमध्ये उतरले आणि त्यांवर युरोपातले पंडित, वैद्य कित्येक पिढ्या शिकले, असं त्यात होतं. मी हिंदुस्थानचं तेवढं पान नीट वाचलं. मंडपात ठासून सांगितलं की विद्या आपली, अरब नुसते हमाल. टाळ्या पडल्या.

गावात पुस्तकं बांधणारे एक म्हातारे चाचा होते. माझी पोथी त्यांनीच नुकती शिवून दिली होती. ते मागून उठले आणि इत्थशाल म्हणजे काय, असं अदबीनं विचारलं. वेगाचा ग्रह संथ ग्रहाला गाठतो तो योग, मी म्हणालो. शब्द कुठून आला, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मला ठाऊक नव्हतं. मी तिथल्या तिथे एक संस्कृत फोड रचली. चाचा म्हणाले, मदरशात शिकलो तेव्हा अरबीत इत्तिसाल म्हणजे जुळणं होतं, हा तोच तर नाही? लोक माझ्याकडे पाहू लागले.

"चाचा, तुम्ही पोथी शिवायची. वाचायची नाही."

मंडप हसला. ते खाली बसले.

ग्रंथ परत करण्याआधी मी उरलेली पानं वाचली. डोक्यावरच्या बिंदूला इंग्रज ‘झेनिथ’ म्हणतात, तोही अरबीच शब्द निघाला. तसे बरेच होते. मग मी माझी पोथी उघडली. इत्थशाल, मुंथा, इक्कवाल, सगळे त्याच घरचे शब्द होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. चाचा पुठ्ठ्याला खळ लावत होते. तुमचंच खरं होतं, माझं चुकलं, असं मी हळूच म्हणालो. त्यांनी हात थांबवला नाही.

"चार लोकाईत बोलले होते तुमी, महाराज. मंग आता मले एकट्याले काहून सांगून राह्यले?"

पुढच्या गणपतीत सांगेन, असा शब्द मी दिला. पुढच्या वर्षी चाचा आले, मागेच बसले. पुढच्या रांगेत माझ्याकडून वर्षफळं मांडून घेणारी यजमान मंडळी होती. मी ग्रहणावर बोललो आणि उतरलो.

त्यानंतर त्यांच्या दुकानावरून जायचं मी टाळू लागलो. पुस्तकं अकोल्याला बांधायला धाडू लागलो. कुणी विचारलं तर सांगायचो, तिकडची शिलाई पक्की असते.