सायकली सोडून

आमच्या गावच्या बाजाररस्त्यावरचा बोर्ड मी लिहिला, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पाच सांगत फिरले होते. त्यात माझं काय चुकलं, ते मात्र मी कुणालाही सांगितलेलं नाही.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. बाजारात कोळणी टोपल्या मांडून बसत आणि त्यांच्या पायांशी बैलगाड्या, टांगे, ट्रक येऊन भिडत. एका कोळणीच्या पायावरून चाक गेलं, तेव्हा नगरपालिकेने रस्ता वाहनांना बंद करायचं ठरवलं. सायकलींना मात्र गटाराच्या कडेने वाट राहणार होती. हेडक्लार्क मसुदे अजून इंग्रजीतच लिहीत. बोर्ड मराठीत हवा होता. अप्पा म्हणाले, माझी मुलगी मुंबईला इंग्रजी शाळेत शिकलीय, ती करून देईल.

अप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना बाजाराच्या पलीकडच्या टोकाला. त्यांचा डावा पाय अधू. चालताना दर वीस पावलांवर थांबावं लागे. सायकलवर मात्र ते इतर माणसांसारखे दिसत.

मी लिहिलं: 'वाहनांना बंदी. सायकली सोडून.' इंग्रजीत अपवाद शेवटी येतो, म्हणून मीही तो शेवटी ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेंटर कागद घेऊन दारात आला. घरात मी एकटीच होते. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की माझं मराठी घशातच राहायचं.

"ताई, ह्ये वाक्य अर्धंच हाय. सायकली सोडून, मग म्होरं काय? 'आत जावे' टाकू?"

त्याने जावं, एवढंच मला हवं होतं. मी मान हलवली.

बोर्ड लागला. 'वाहनांना बंदी. सायकली सोडून आत जावे.' पहारेकऱ्याने अक्षरशः तसंच केलं. सायकली नाक्यावर सोडायला लावल्या आणि माणसं चालत आत पाठवली. दुकानदारांना रस्ता मोकळा मिळाला होता, कचेरीत कुणी मूळ कागद पुन्हा काढला नाही.

पहिल्या दिवशी मी अप्पांबरोबर होते. बोर्डापुढे ते सायकल धरून बराच वेळ उभे राहिले. हेडक्लार्क त्यांचे मित्र होते, त्यामुळे मूळ मसुदा काय होता हे अप्पांना माहीत होतं. पहारेकऱ्याला कळवळा आला. तुम्ही जा हो, तुमचा पाय सगळा गाव ओळखतो, असं तो म्हणाला.

अप्पा हसले. "माझ्या पोरीनं लिहिलाय. मीच मोडू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सायकल वळवून ते बाहेरच्या रस्त्याने गेले. तो रस्ता अरुंद. आगरदांड्याच्या धक्क्याकडे बर्फाचे ट्रक तिथूनच जात.

चूक सांगायला एक वाक्य पुरलं असतं. रोज सकाळी मी ते मनात जुळवायची. मग अप्पा शेजाऱ्यांना म्हणत, बोर्ड पाहिलात का, आणि मी आत निघून जायची. अशा अकरा सकाळी गेल्या.

बाराव्या सकाळी मागून आलेल्या ट्रकला वाट द्यायला ते कडेला झाले. पाय टेकवला तो डावा. त्याच पायावर तोल गेला आणि त्यांचं डोकं रस्त्याच्या बाजूच्या दगडावर आपटलं. लोकांनी त्यांना जवळच्या वाटेने, बाजारातून, बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी बोर्ड कुणी वाचला नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

महिन्याभराने नगरपालिकेने गटाराच्या कडेने चुन्याची रेघ मारली आणि आतली वाट सायकलींना दिली. नवा मजकूर मागायला तोच पेंटर दारात आला. मी लिहिला: 'सायकलींनी रेघेच्या आतून जावे.' त्याने तो दोनदा वाचला. पडवीत अप्पांची सायकल भिंतीला टेकलेली होती, तिच्याकडे बघायचं टाळत त्याने हळूच विचारलं,

"ताई, वाक्य पुरं हाय ना?"

"हो," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.