हात सैल सोडा

इंग्रजीत तीव्र दुःखाला 'अँग्विश' म्हणतात. शाळेत इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर त्याचा अर्थ 'यातना' असा लिहिला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ नुसता 'अरुंदपणा' आहे, हे मात्र निवृत्त झाल्यावर शब्दकोश चाळताना कळलं. एवढं मोठं दुःख, आणि मुळात काय, तर एक चिंचोळी जागा!

परवा भाचीच्या लग्नाचा चुडा भरायला कासारीण आली होती. हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली आणि पोरगी कळवळली.

"हात सैल सोड गं. तू आवळलास की वाट बंद," कासारीण म्हणाली.

भाचीनं श्वास सोडला. बांगडी तेवढीच, हात तोच, पण ती अलगद मनगटावर उतरली.

मी दाराशी उभी राहून बघत होते. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझे हात मोकळेच.

"आत्या, आता तू बस," भाची म्हणाली. मी हात मागे घेतला, पण कासारिणीनं तो आधीच धरला होता.

"बाई, मूठ सोडा की! काय धरून ठेवलंय आत?"

सगळ्या हसल्या. मलाही हसू फुटलं, आणि हसण्याच्या नादात बोटं कधी सैल पडली, कळलंच नाही.

आज सकाळी भाकऱ्या थापताना स्वयंपाकघरभर किणकिणाट चालला होता. मला एकटीला दोन भाकऱ्या पुरतात. आज पाच थापल्या.