तोंडातली बुरशी आणि वन्संचा रस

आमच्या यांच्या लिव्हरला जुनी सूज होती. कावीळ अंगात मुरलीय, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि एक दिवसाआड टोचायची इंजेक्शनं सुरू केली. नव्वदनंतरची गोष्ट. तेव्हा ती इंजेक्शनं नवीनच होती. टोचलं की थंडी वाजून ताप भरायचा. पण हे सोसत होते बिचारे.

आता श्रीगोंद्याकडं कावीळ म्हटलं की उसाचा रस आलाच. शेजारच्या मळ्यात आमच्या थोरल्या वन्सं राहायच्या, म्हणजे यांची बहीण, यांना अगदी आईच्या जागी. त्या रोज सकाळी किटलीभर रस आणायच्या. हे दिवसभर घोट घोट घेत राहायचे. बहिणीचा शब्द मोडायची यांची कधी छाती झाली नाही, धडधाकट होते तेव्हासुद्धा.

पुढं यांचं तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आतून पांढरे थर, दही चिकटल्यासारखे. भाकरी गिळवेना. वन्संनी बघितलं नि म्हणाल्या, "त्या सुयांची उष्णता हाय. रस वाढवू."

रस वाढला, तसे थरही वाढले. मग एके दिवशी हे म्हणाले, "बास. आता सुई न्हाई घ्यायची."

मधेच सोडलं तर आजार उलटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण यांच्यापुढं माझं काय चालणार? वन्संनाच म्हटलं, "तुमी चला नगरला. तुमच्याबिगर हे यायचे न्हाईत."

आल्या. एसटीत किटली मांडीवर घेऊन बसल्या.

डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड बघितलं. म्हणाले, "ही बुरशी आहे. एरवीही तोंडात थोडी असतेच. इंजेक्शनानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, मग ती डोकं वर काढते. दिवसभर काय पिता?"

यांनी बहिणीकडं बघितलं. डॉक्टरांची नजर किटलीवर गेली.

वन्सं हळूच म्हणाल्या, "माझ्या रसानं झालं का, डॉक्टरसाहेब?"

"रसानं नाही झालं, आजी. पण त्यातली साखर बुरशीला खायला मिळाली."

मग त्यांनी रक्त तपासलं, इंजेक्शनाचा डोस थोडा उतरवला आणि तोंडात लावायचं औषध दिलं. सुई मात्र सोडायची नाही म्हणाले.

दवाखान्याबाहेर येताच वन्सं भावाकडं वळल्या. "आजपासून गोड बंद. आन् सुई घ्यायची."

"अगं आक्का, सुयांची उष्णता हाय, आसं तूच म्हणलीस ना?"

"म्हणलं आसंल. तवा मला बुरशी ठाव न्हवती."

हे हसले. तोंड आल्यापासून पहिल्यांदाच हसले, मग कळ लागली म्हणून गाल धरून बसले.

औषधानं हळूहळू तोंड स्वच्छ झालं. इंजेक्शनंही सगळी पुरी झाली. तोवर दर खेपेला सुई टोचायला कंपाउंडर घरी आला की वन्सं यांच्या उशाशी येऊन बसायच्या, आणि हे डोळे मिटून मुकाट दंड पुढं करायचे.